बगळ्याची आंघोळ

१५ मार्च, शनिवार. सकाळी साडेसहा. गॅलरीच्या फरशीवरचा धुळवडीचा रंग घासत होते. आमच्या ठाण्यातल्या बाळकुमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर पाच मुलं राहतात आणि पाचही जणांची नेमबाजी वाईट आहे. खाली अंगणात मारायचे फुगे माझ्या गॅलरीत येऊन फुटतात. खायचा सोडा टाकून झाला, लिंबू चोळून झालं. गुलाबी डाग जांभळा झाला, एवढीच प्रगती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं तेव्हा माझ्या डोक्यात सकाळपासून रंग, डाग आणि मुलं यांशिवाय दुसरं काही नव्हतं.

बेल वाजली. दारात माझी नणंद, डोंबिवलीहून थेट आलेली. हनुवटीखाली इलॅस्टिक असलेली टोपी, गळ्यात दुर्बीण, खांद्यावर पिवळीधमक ओढणी.

"अगं, तू अजून गाउनमध्येच? पाणी ओसरलंय, चल लवकर."

"ताई, पाणी काय पळून जातंय का?"

"जातंच की! सहा तासांत परत येतं. तोवर मोजून व्हायला हवं."

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि दोन महिन्यांत कंटाळल्या. मग डोंबिवलीतल्या एका पक्षी मंडळात गेल्या. हे मंडळ वर्षातून दोनदा, हिवाळ्यात आणि मार्चमध्ये, ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या खाडीकाठावरचे पक्षी मोजतं. प्रत्येकाला काठाचा एक तुकडा नेमून दिलेला. दुपारी बारापर्यंत यादी मंडळाच्या ग्रुपवर टाकायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी डोंबिवलीतल्या एका बागेत जमायचं. तिथे मंडळाचे प्रमुख एकूण आकडे वाचून दाखवतात. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात.

ताईंची मोजणी चोख असते. ओळख मात्र कच्ची. हिवाळ्याच्या यादीत त्यांनी लिहिलं होतं, 'मोठे बगळे अकरा, विश्रांती घेत.' ते थर्माकोलचे तुकडे निघाले. पाण्याबरोबर ते विश्रांती घेतच पुढे सरकत होते, पण ताई आकड्यावर ठाम होत्या. आणि तुकडे खरोखर अकराच होते.

त्यानंतर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढच्या वेळी यादी नीट आली नाही, तर ताईंना आपण अल्पोपाहार समितीत घेऊ. तिथे त्यांचा उपयोग होईल."

अल्पोपाहार समिती म्हणजे चहा आणि पोहे. एकदा त्या समितीत गेलेली बाई परत खाडीवर आलेली नाही, असं ताईंचं निरीक्षण होतं.

"चौतीस वर्षं मी पोरांना बीजगणित शिकवलं," त्या आमच्या स्वयंपाकघरात चहाचा कप आपटत म्हणाल्या, "आणि आता हे मला विचारणार, साखर किती घालू?"

सोबत खरं तर माझा नवरा जायचा होता. पण आदल्या दिवशी तो अंगणात त्या पाच मुलांशी बादल्या घेऊन लढला आणि आता कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून पालथा पडला होता. "तू जा," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला. "तुझी नजर चांगली आहे." माझ्या नजरेचं घरात कौतुक आहे. तांदळातला खडा मला ओट्याच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. पण खडे उडत नाहीत, हा मुद्दा त्या वेळी कोणी काढला नाही. मी पायात जुने बूट घातले, पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि वेट वाइप्सचं पाकीट टाकलं आणि निघाले.

आमच्या मागच्या गेटपासून खाडी पंधरा मिनिटांवर आहे. आधी बांधकामाचे पत्रे, मग म्हशींचा एक गोठा, मग गवत, मग चिखल आणि त्यापलीकडे पाणी. ओहोटीमुळे चिखल लांबवर उघडा पडला होता आणि त्यावर पक्षीच पक्षी. मी इथे बारा वर्षं राहते. चिखलात इतकी वर्दळ असते हे मला माहीत नव्हतं.

ताई कामाला लागल्या. त्यांची मोजायची एक रीत आहे. कुर्त्याच्या उजव्या खिशात मूठभर फुटाणे. दहा पक्षी मोजून झाले की एक फुटाणा डाव्या खिशात. शेवटी डाव्या खिशातले फुटाणे गुणिले दहा. वही काढायला नको, डोळे दुर्बिणीवरून हलवायला नकोत. शाळेत सहलीची मुलं त्या अशीच मोजायच्या म्हणे, आणि एकही मूल कधी मागे राहिलं नाही.

"शेकाटे," त्या म्हणाल्या. काळ्या पंखांचे, लांब लाल पायांचे पक्षी, काटकीवर बसवल्यासारखे. ते मात्र त्यांना नक्की ओळखता येतात, कारण पाय चुकणं शक्य नाही.

त्या मोजत होत्या. मी शेजारी उभी होते. घाईत नाश्ता राहिला होता. ताईंचा डावा खिसा माझ्या बाजूला होता आणि त्यात फुटाणे दिसत होते. मी एक घेतला. मग आणखी काही घेतले.

दहा मिनिटांनी ताईंनी खिशात हात घातला आणि थांबल्या. "अगं, इथे चौदा होते."

मी तोंडातलं गिळलं.

"आठच उरलेत." त्या माझ्याकडे वळल्या. "तू माझे साठ शेकाटे खाल्लेस?"

"मला वाटलं, उजव्या खिशातले मोजायचे आणि डाव्यातले खायचे."

"पक्षी मोजायला आलीयेस की भिशीला?"

आता तुम्हाला चौदा होते हे पाठ आहे तर चौदाच धरा, असं मी सुचवलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आठवीची पोरं सरळ झाली असणार. सगळे शेकाटे पुन्हा मोजले. या वेळी एकशे एकोणचाळीस भरले. तेरा फुटाणे आणि वर नऊ. एक पक्षी मधल्या काळात उडून गेला, याचा दोष कोणाचा हेही मला सांगण्यात आलं.

तोवर गोठ्यातल्या म्हशी सुटून गवतात आल्या होत्या. म्हशींच्या पायांत आणि पाठीवर पांढरे बगळे. म्हैस चालली की गवतातले किडे उडतात आणि बगळे ते टिपतात. ताई म्हणाल्या, "हे गायबगळे. पुस्तकात आहेत. एक्केचाळीस."

त्यातला एक मला वेगळा दिसला. अंग पांढरं, पण डोकं आणि मान चक्क केशरी.

"ताई, तो बघा. त्याला कोणीतरी रंगवलंय."

ताईंनी दुर्बीण लावली. त्या दुर्बिणीचा एक डोळा कायम धुक्यात असतो. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "केशरी आहे खरं. पण पक्ष्याला कोण रंग लावेल?"

"काल धुळवड होती. आमच्या वरची पाच मुलं काय वाटेल ते करू शकतात. माझ्या गॅलरीची फरशी बघितलीत ना?"

आणखी शोधलं. दुसरा सापडला. तिसरा. चौथा म्हशीच्या पाठीवरच बसला होता. चौघांचीही डोकी तशीच, मानेपर्यंत नीट, अंगावर कुठे ओघळ नाही. रंग लावताना माझ्या नवऱ्याचा अर्धा कान राहतो, आणि इथे चार उडते पक्षी एकसारखे रंगवलेले. हे कोणाला जमेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी फक्त एवढंच म्हणाले, "चांगलंच पक्कं केलंय काम. तेलातला रंग दिसतोय."

ताईंचा जीव कळवळला. पण पहिली शंका त्यांनीच काढली, हे नमूद करते. "सरांना विचारू या का आधी?"

सरांचा फोन लागेना. मंडळात जाणकार म्हणावेत असे सरांसकट तिघेच, आणि ते तिघेही त्या सकाळी शहाडला नदीकाठी गेले होते.

"विचारायचं काय त्यात?" मी म्हणाले. "डोळ्यांना दिसतंय. फोटो काढा आणि ग्रुपवर टाका. पोरांना वेळीच दम भरला पाहिजे."

मजकूर मीच सांगितला आणि ताईंनी लिहिला. 'धुळवडीच्या नावाखाली मुक्या पक्ष्यांना रंग! बाळकुम खाडीवर चार बगळ्यांची डोकी केशरी. तीव्र निषेध.' निषेध तीव्र असावा, हाही आग्रह माझाच.

ग्रुप पेटला. 'भयंकर', 'कसली ही पिढी', रागाने लाल झालेली तोंडं. एका बाईंनी रिठ्याच्या पाण्याने रंग जातो असं कळवलं. दुसऱ्या म्हणाल्या, आधी खोबरेल तेल लावा, मग रिठा. तिसऱ्यांच्या मते बेसन. हे चाललेलं असतानाच कोपरीहून एकाने लिहिलं, 'इथेही दोन केशरी!' मग कल्याणच्या खाडीवरून, 'आमच्याकडे पण एक. चेहऱ्यावरून घाबरलेला वाटतो.'

"बघा!" मी ताईंना म्हणाले. "ही टोळी आहे. एका दिवसात कोपरी, कल्याण, बाळकुम."

"अगं, पण इतक्या लांबलांबचे बगळे धरले कसे?"

"ते पोलीस बघतील. आपण आधी याला धुऊ."

माझ्यासारख्या बाईला डाग दिसला की हात स्वस्थ बसत नाहीत. योजना सोपी होती. पाठीवर बगळा बसलेली ती म्हैस गवताच्या कडेला शांत उभी होती. ताईंनी समोरून हळूहळू जाऊन बगळ्याचं लक्ष वेधायचं. मी मागून जाऊन त्याच्यावर ताईंची ओढणी टाकायची. मग पाण्याची बाटली, वाइप्स, दोन मिनिटांचं काम.

"लक्ष वेधू म्हणजे काय करू?"

"बोला त्याच्याशी काहीतरी."

ताई समोर गेल्या आणि चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी वर्गाला बोलावं तसं म्हटलं, "इकडे लक्ष द्या."

बगळ्याने दिलं. म्हशीनेही दिलं. मी मागून ओढणी फेकली. बगळा सहज उडाला आणि चार हातांवर दुसऱ्या म्हशीच्या पाठीवर जाऊन बसला. पुढे झेपावलेली मी गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. ओढणी पसरत जाऊन म्हशीच्या शिंगांवर पडली आणि एक पदर तिच्या डोळ्यांवर आला. म्हैस दोन पावलं मागे सरली, मान झटकली, ओढणी आणखी गुंडाळली गेली आणि ती तशीच, पिवळा पदर घेतलेली, खाडीच्या दिशेने निघाली.

"अगं, माझी ओढणी!" ताई ओरडल्या. मी एका पायातला बूट चिखलात सोडून तिच्या मागे धावले. हाक काय मारायची ते कळेना, म्हणून "अगं, थांब, थांब" म्हणत होते. ती माझ्यापेक्षा वेगात होती आणि चिखलाची तिला सवय होती.

तेवढ्यात गोठ्याकडून आवाज आला. "माझे म्हशीला साडी कोनी नेसवली?"

हातात काठी घेतलेल्या एक मावशी येत होत्या. इथल्याच जुन्या गावच्या, साठीच्या, खोचलेलं लुगडं. त्यांनी तोंडाने एक आवाज काढला, म्हैस जागच्या जागी थांबली. त्यांनी काठीने ओढणी काढली, पिळली आणि आमच्याकडे वळल्या. एक बाई एका बुटावर, दुसरी टोपी तिरकी झालेली.

"काय गो, काय चाललाय तुमचा?"

मी सांगितलं. मुलांनी बगळ्यांना रंग लावलाय, आम्ही त्यांना धुणार आहोत.

मावशींनी बगळ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या वाइप्सकडे. मग काठीवर हनुवटी टेकवून इतका वेळ हसल्या की म्हैस कंटाळून बसली.

"अगो बायो, रंग कुठला? शिमगा आला का ह्यांची डोकी अशीच होतात. दर साल. बगलीला दाखवायला. त्याचा लगीन हाय म्हना. तो नटून बसलाय आन् तुम्ही त्याला धुवाला निघाल्या?"

"सगळ्यांची होतात?" ताईंनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"आज चार हायत, महिन्याभरान बघा, निम्मे केशरी. आमचे पोरांना पन ठाव हाय."

मी वाइप्स परत पिशवीत टाकले. ताई गवताच्या बांधावर बसल्या आणि फोनकडे पाहत राहिल्या. ग्रुपवर आता रिठे कुठे स्वस्त मिळतात यावर चर्चा आली होती. अकरा वाजून गेले होते. बाराला यादी जाणार, बाराच्या सुमाराला सरांचा फोन लागणार आणि सर ग्रुप वाचणार. आणि त्या सगळ्याच्या वरती ताईंच्या नावाने तीव्र निषेध.

"झालं," ताई म्हणाल्या. "गेले मी पोह्यांत."

"मेसेज पुसून टाका."

"तेवीस जणांनी वाचलाय."

"मग गप्प बसा. म्हणायचं, लांबून दिसलं नाही."

"छे. फळ्यावर उदाहरण चुकलं तर मी कधी पुसलं नाही. त्यावर काट मारायची आणि शेजारी बरोबर मांडायचं, पोरांच्या देखत." आणि त्या लिहायला लागल्या. 'माझी ओळखण्यात चूक झाली.'

ते मला बघवेना. दुःखबिःख नव्हे. ते वाक्य चुकीचं होतं. ओळखण्यात चूक माझी झाली होती. त्या बिचाऱ्या सरांना विचारू म्हणत होत्या. मी फोन त्यांच्या हातातून घेतला, आवाजाचं बटण दाबून धरलं आणि बोलले, "नमस्कार. मी ताईंची भावजय. मंडळाची सभासद नाही. बगळे रंगवलेत हे माझं म्हणणं, निषेधही माझाच. तो रंग लावलेला नाही, दर वर्षी विणीच्या आधी येतो असं इथल्या मावशी सांगतात. कोपरी आणि कल्याणवाल्यांनी पक्ष्यांना त्रास देऊ नये, रिठे भिजवले असतील तर स्वतःचे केस धुवावेत. ताई फक्त मोजत होत्या. गायबगळे एक्केचाळीस, त्यातले केशरी चार. शेकाटे एकशे एकोणचाळीस. त्यांतले मी आधी साठ खाल्ले होते, म्हणून परत मोजलेत."

बटण सोडणार तेवढ्यात मावशी वाकून फोनमध्ये म्हणाल्या, "आन् माझी म्हस भेदरली, ते पन सांगा."

तेही गेलं.

ताईंनी बाकीची यादी टाकली आणि आम्ही मावशींच्या ओट्यावर चहा पीत बसलो. माझा बूट मावशींनीच काठीने उकरून दिला. ग्रुपवर चिडीचूप. एकाही रागीट तोंडाने आपला राग मागे घेतला नाही, पण रिठेवाल्या बाईंनी आपला मेसेज पुसला तेवढा दिसला. ताई दर मिनिटाला फोन उघडत होत्या आणि खिशातले फुटाणे या हातातून त्या हातात करत होत्या. एकही खाल्ला नाही. मीही मागितला नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी सरांचा आवाजी निरोप आला. सुरुवातीला बराच वेळ नुसता श्वास. मग, "शेकाटे कोणी खाल्ले, हे मला नीट कळलं नाही. कळवूही नये. बगळ्यांना हा रंग विणीच्या हंगामात येतो, हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि त्या वेळी सगळे पोहे खात असतात. केशरी किती आणि पांढरे किती, हे वेगळं मोजून फक्त ताईंनी पाठवलंय. बाकीचे बेसन कालवत बसले. ताईंची यादी ग्राह्य. पुढच्या मोजणीला त्यांनी शहाडला माझ्याबरोबर यावं. उद्याच्या अल्पोपाहाराचं काम भावजयबाईंनी बघावं. म्हशीबद्दल दिलगीर आहे."

ताईंनी तो निरोप तीनदा ऐकला. 'शहाडला माझ्याबरोबर' इथे दर वेळी आवाज वाढवला.

"मी सभासद नाही, असं मी सांगितलं होतं," मी म्हणाले.

"उद्या पावती फाडू तुझी," ताई म्हणाल्या. त्यांची टोपी सरळ झाली होती. "चाळीस माणसं येतात. पोहे नकोत, उपमा कर. रवा माणशी सत्तर ग्रॅम धर. दोन किलो आठशे. तेवढं गणित मी करून दिलं, आता पुढचं तू बघ."

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. हसताना त्याच्या कमरेत पुन्हा उसण भरली. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून मी तीन किलो रवा भाजला. ताईंचं गणित बरोबर असेल, पण तळाला लागतो तो त्यांनी धरला नव्हता. आठ कांदे चिरले, कढीपत्ता फोडणीला टाकला, पातेल्यावर ताट दाबून त्याला जुन्या चादरीची गाठ मारली आणि रिक्षा करून डोंबिवलीला गेले. ताई पुढे सरांशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या आणि मागे वळून बघत नव्हत्या. आकडे वाचून संपायच्या आत मी बशा मांडल्या. सर दुसऱ्यांदा उपमा घ्यायला मधूनच घुसले, तेव्हा त्यांना रांगेच्या शेवटी पाठवलं.